उतरलेलं धरत नाही

"सोमनाथ, तुझ्या मनगटावरचं ते घड्याळ मजले पण मोजतं का रे?"

"मोजतं की, तात्या. पावलं, ठोके, झोप, मजले. समदं मोजतं."

"मग बघ बरं, आज किती मजले चढलास?"

सोमनाथनं काचेवर बोट फिरवलं. "सहा."

"आणि आपल्या शिवारात मजला कुठाय?"

शेकोटीभोवतीची पोरं हसली. गव्हाला पाणी द्यायचं होतं, मोटरीची लाईट साडेबाराशिवाय येणार नव्हती, आणि थंडीत जागं राहायचं तर कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. धुळाजीतात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी एक काटूक शेकोटीत सारलं.

"आश्रुबाला बी आधी हसूच आलतं," ते म्हणाले.

आश्रुबा म्हणजे घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला मेंढरंवाला. तात्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्यानं आपल्या तोंडानं जे सांगितलं तेवढंच तात्या सांगत होते, पदरचं काही घालत नव्हते.

मागच्या साली मे महिन्याची चौदा तारीख होती, बुधवार. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी आश्रुबा धारूरला निघाला तो एकाच कामासाठी. मनगटावरचा काळा पट्टा एकतर गुफरानच्या दुकानातून दुरुस्त करून आणायचा, नाहीतर त्याच्याच काउंटरवर आपटून यायचं. गुफरान मोबाईल दुरुस्त करायचा आणि आश्रुबाची ही तिसरी खेप होती.

पट्टा दिला होता अंगदनं. अंगद त्याचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत. फेब्रुवारीत आश्रुबाच्या छातीत कळ आली, लातूरला नेलं, दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी बजावलं, अजून बरेच महिने चढ चढायचा नाही. डोंगर नाही, जिना नाही. सपाटीला चाला. अंगदनं घरी आणल्या आणल्या बापाच्या मनगटावर पट्टा बांधला आणि त्याच्या मोबाईलला जोडून दिला. इकडं पट्ट्यानं मोजायचं, तिकडं पुण्यात अंगदला दिसायचं.

आश्रुबानं डॉक्टरांचा शब्द पाळला. चाळीस मेंढरं होती. ती डोंगराला न्यायचं काम त्यानं पुतण्यावर, परमेश्वरवर सोपवलं. सकाळी कळप निघाला की हा दारातल्या दगडावर बसायचा आणि धुरळा खाली बसेपर्यंत तिकडं बघत राहायचा. परमेश्वर कुठल्या मेंढीला हाकलताना काठी जरा जोरात टेकवतो, कुठलं कोकरू मागं राहतं, सगळं बसल्या जागी दिसायचं आणि जीव नुसता तळमळायचा. पण उठला नाही. पाऊल चढाला लावलं नाही.

आणि तरी रोज सकाळी फोन.

"आबा, काल अकरा मजले."

"कोण चढलं?"

"तुमी चढलाव. इथं दिसतंय."

"अरे आपल्या वाडीत मजला हाय कुठं? शाळा बी बसकी, तिच्यावर बी पत्रा."

"मग डोंगराला गेलताव."

"न्हाई गेलतो."

"आबा, खोटं बोलू नका. मशीनला काय पडलंय खोटं बोलायचं?"

हे शेवटचं वाक्य आश्रुबाला फार लागायचं. पन्नास वर्षं लोकांनी त्याच्या नुसत्या शब्दावर आपली मेंढरं त्याच्या कळपात सोडली होती. लांडग्यानं नेलं म्हणाला की नेलं, कुणी हाडं बघायला आलं नाही. आणि आता पोटचं पोरगं चिमूटभर पट्ट्याचं ऐकत होतं आणि बापाचं ऐकत नव्हतं. चतुराबाईनं, त्याच्या बायकोनं, एकदा फोन हातातून ओढून घेतला. "अंगद, रातभर घोरत असत्यात रे ते. दिवसभर माझ्या डोळ्यापुढं असत्यात." तर पोरगं म्हणालं, "आई, तू आबांचीच बाजू घेणार."

पहिल्या खेपेला गुफराननं पट्टा उघडून बघितला आणि हसला. "मामा, याला जिना दिसत न्हाई. यात बारीक भोक हाय, त्यातून हवा मोजतंय. वर गेलं की हवा पातळ होती. हवा पातळ झाली आणि पावलं पडली, की यानं मजला धरला. दहा फुटाला एक. तुमी दवाखान्याला, बाजाराला एसटीनं घाट चढून येताव. गाडीचे हादरे म्हणजे याच्या लेखी पावलं. झाले पंधरा-वीस मजले."

आश्रुबाला इतकं बरं वाटलं की त्यानं गुफरानला जबरदस्तीनं चहा पाजला. घरी येऊन त्यानं अंगदला सगळं समजावलं. अंगद म्हणाला, "ठीक हाय. मग ज्या दिवशी एसटीत बसणार न्हाई त्या दिवशी बघू."

ज्या दिवशी एसटीत बसला नाही त्या दिवशी नऊ आले.

दुसऱ्या खेपेला गुफराननं वाऱ्याचं सांगितलं. वळवाचं आभाळ आलं, वावटळ उठली, की हवेचा दाब हलतो आणि पट्टा फसतो. मग आश्रुबा आभाळ आलं की पट्टा काढून डब्यात ठेवायला लागला. आंघोळीला काढायला लागला, भोकात पाणी जाऊ नये म्हणून. एसटीनं कुठं जायचं असलं की घरीच ठेवून जायला लागला. मोबाईलमध्ये बघायचं कसं तेही शिकला. आकडे उतरत गेले. नऊचे सहा झाले, सहाचे चार. आणि तीनवर येऊन अडकले.

मग रोज तीन. आभाळ असो, नसो. उठून बघावं तर तीन. एक रात्र त्यानं पट्टा घरात खुंटीला अडकवला तर शून्य. दुसऱ्या रात्री मनगटावर बांधून अंगणात आपल्या खाटेवर झोपला, तर तीन.

"तीन तरी कावून?" अंगद फोनवर म्हणाला. "खुंटीवर शून्य येतंय म्हणजे पट्टा बरोबर हाय, आबा. रातचं उठून मेंढरामागं जाताव तुमी. बास झालं आता. मेंढरं हायत तवर तुमी डोंगर सोडत न्हाई. व्यापाऱ्याला बोललोय मी. पंधरा तारखेला सकाळी टेम्पो येईल. मेंढरं जातील आणि तुमी दोघं माझ्यासंगं पुण्याला. मी चौदाला येतो."

पुण्यात अंगदचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती म्हणे.

तर ती चौदा तारीख. गुफराननं गिऱ्हाइकं बाजूला सारून आश्रुबाचा मोबाईल हातात घेतला आणि तासातासाचा हिशोब उघडला. बराच वेळ बघत राहिला.

"मामा, हे वाऱ्याचं न्हाई."

"मग?"

"वारा असा शिस्तीत येत न्हाई. हे बघा. रोज रात्री दोनच्या पुढं. सलग तीन मजले. मधी थांबणं न्हाई. मग परत काई न्हाई सकाळपोत." त्यानं मान वर केली. "घरात जिना?"

"न्हाई."

"माळा? गच्ची?"

"घरकुलाचं घर हाय बाबा. डोक्यावर पत्रा."

"पत्र्यावर तर चढत न्हाई ना झोपेत?"

"तीन मजली पत्रा असतो का रे कुठं?" आश्रुबा वैतागून म्हणाला. "तुझं मशीनच बाद हाय. चढलो म्हणतंय, मग उतरलो कवा ते का सांगत न्हाई?"

"उतरलेलं हे धरतच न्हाई, मामा. फक्त चढलेलं धरतं." गुफराननं पट्टा कापडानं पुसून त्याच्या हातावर ठेवला. "तुमी आधी वर जाऊन खाली आलाव, का आधी खाली जाऊन वर आलाव, ते याला कळत न्हाई."

सोमनाथनं तेवढ्यात आपल्या घड्याळाकडं बघितलं. "खरंय तात्या. माझं बी उतरलेलं दाखवत न्हाई."

"गप ऐक," दुसरा कुणीतरी म्हणाला.

आश्रुबा एसटीनं घाट उतरून घरी आला. दुपारचे तीन वाजले असतील. चतुराबाई आत भाकरी झाकून ठेवून निजली होती. तो अंगणात उभा राहिला. सपाट, चोपून बसवलेल्या मुरमाचं अंगण. मधोमध त्याची खाट. गुफरानचं बोलणं डोक्यात घोळत होतं. आधी खाली जाऊन वर आलाव.

खाली.

त्याच्या अंगणाच्या जागी बारव होती. वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. दगडी पायऱ्यांची विहीर. लहानपणी तो तिचंच पाणी प्यालेला. खाली उतरत जायचं, उजव्या हाताला वळायचं, मग बुटकी कमान यायची, तिथं मान वाकवायची, मग पुन्हा पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. चांगली तीस फूट खोल. पुढं नळ आले, बारव आटली, झुडपं माजली, साप निघायला लागले. सात-आठ वर्षांमागं रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराच्या टिप्परांना मुरूम टाकायला जवळची जागा हवी होती. वाडीनं बारव दाखवली. दोन रात्री टिप्पर येत राहिले. तिसऱ्या दिवशी सपाट रान झालं. पुढं तीच जागा आश्रुबाला घरकुलासाठी मिळाली. घर कडेला बांधलं आणि बारवेचं अंगण झालं.

आणि बारवेत एक बाई राहायची.

नाव कुणाला माहीत नव्हतं. ऊसतोडीच्या ट्रकमधून उतरून राहिलेली की उतरवून दिलेली, तेही नाही. कुणाशी बोलायची नाही. कमानीपलीकडं भिंतीत मोठा कोनाडा होता, त्यात निजायची. वाडीतल्या बाया वरच्या पायरीवर भाकरी ठेवायच्या. चतुराबाईही ठेवायची. अंधार पडला की ती वर येऊन घेऊन जायची. टिप्पर येऊन गेल्यावर चतुराबाईनं सवयीनं कडेला भाकरी ठेवली, ती दुसऱ्या दिवशी तशीच होती. गेली असेल दुसरीकडं, असं सगळे म्हणाले. आश्रुबाही म्हणाला होता.

टिप्पर ओतण्याआधी खाली कुणी डोकावलं होतं का, हे त्यानं सात-आठ वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. त्या दुपारी तो अंगणाच्या मधून न जाता कडेकडेनं दारापाशी गेला.

संध्याकाळी अंगद आला. भला पोरगा. बापासाठी गोळ्या, आईसाठी साडी, सगळं आठवणीनं आणलेलं. पण जेवताना विषय निघालाच.

"आबा, उद्या सात वाजता टेम्पो येईल."

"मी डोंगराला गेलो न्हाई, अंगद."

"पट्टा तसं म्हणत न्हाई."

"पट्ट्याला म्हणावं, तूच जा मंग लातूरला, आन् तूच घाल स्टेंट," चतुराबाई म्हणाली. अंगदला हसू आलं. आश्रुबाला आलं नाही.

"बरं, एक करू," अंगद हात धुऊन म्हणाला. "आज रात्री पट्टा मी घालतो आणि आबांच्या खाटंवर झोपतो. आबा, तुमी दारात झोपा. सकाळी शून्य आलं तर पट्टा खरा आणि तुमी खोटे. टेम्पो भरून जाईल. तीन आले तर पट्टा खोटा. टेम्पो रिकामा परत, आणि मी परत मेंढरांचं नाव काढणार न्हाई."

"आन् पट्टा बी खरा आन् तुझे आबा बी खरे असले तर?"

"असं नसतं, आई."

अंगद पट्टा डाव्या मनगटावर बांधून खाटेवर आडवा झाला. आश्रुबा दारात उभा.

"अंगद, खाट तेवढी भिंतीकडं सरकव."

"कावून?"

काय सांगणार होता तो? "मधोमध वारा लागतो."

"मे महिना हाय, आबा. लागू द्या."

आश्रुबा आणखी एकदा बोलणार होता. बोलला नाही. त्याला तीन यायला हवे होते. तीन महिने त्याला पोरानं खोटं ठरवलं होतं. एक रात्र. तीन आले की मेंढरं राहणार होती. त्यानं दारात वाकळ अंथरली आणि गप पडून राहिला.

झोप लागणं शक्यच नव्हतं. चंद्र वर आला. अंगण पांढरं पडलं. वाघुरातल्या, म्हणजे जाळीच्या कुंपणातल्या मेंढरांचा रवंथ ऐकू येत होता. बारा झाले. एक झाला. चतुराबाई आत घोरत होती.

मग रवंथ थांबला.

आश्रुबानं मान वळवली. चाळीसच्या चाळीस मेंढरं उभी राहिली होती. एकही ओरडत नव्हतं.

अंगद खाटेवर उठून बसला.

डोळे अर्धे उघडे. बघत कुठंच नव्हता. उभा राहिला. दोन पावलं चालला आणि थांबला. मग त्यानं पाय पुढं टाकला… जपून, टाच अडखळत. अंधारात पायरी चाचपतात तसा.

जमीन सपाट होती.

पण आश्रुबाला वाटलं, पोरगं वीतभर बुटकं झालं.

चांदण्यात असं दिसतं, तो मनात म्हणाला. दुसरं पाऊल पडलं. आणखी वीतभर. तिसरं. अंगदचा उजवा हात कडेनं सरकत होता, भिंतीला धरून उतरावं तसा. तिथं भिंत नव्हती. आता त्याचे गुडघे दिसत नव्हते. मग कंबर. मग नुसते खांदे.

अंगद उजव्या हाताला वळला.

त्याला वळण ठाऊक नव्हतं. तो लहान होता तेव्हा बारवेत साप होते, त्याला कुणी कधी उतरू दिलं नव्हतं.

मग त्यानं मान वाकवली.

आणि अंगण रिकामं झालं.

नुसती खाट. पांढरं चांदणं. मुरूम.

आश्रुबा उठला. छातीवर हात दाबून खाटेपाशी गेला. अंगदनं जिथं पहिला पाय टाकला होता तिथं त्यानं पाय टाकला…

पाय खाली गेला.

गार दगड लागला. ओला. शेवाळाचा वास आला, पन्नास वर्षांमागचा. तो भिंतीला धरून उतरत गेला. भिंत होती. उजवीकडं वळण. कमान. मान वाकवली. पलीकडं पुन्हा खाली पायऱ्या. तिथं चांदणं नव्हतं. काळोख होता आणि काळोखात अंगदचा पांढरा बनियन. कोनाड्याकडं तोंड करून उभा.

आश्रुबानं कोनाड्याकडं बघितलं नाही. पोराचा उजवा हात धरला आणि वळला.

चढायला लागला.

डॉक्टर म्हणाले होते, एक जिनासुद्धा नाही. पाच पायऱ्यांत छाती भरून आली. दहाव्या पायरीला डाव्या दंडात कळ उतरली. थांबला. श्वास घेतला. अंगदचाही श्वास ऐकू येत होता, झोपेतला, संथ.

आणि आणखी एक.

तो धापा टाकत नव्हता. अगदी मागं होता. हे दोघं एक पायरी चढले की तोही एक पायरी वर येई.

पुढं. एक पायरी. अंगद जड लागत होता. एकट्या माणसाचं एवढं वजन नसतं… आश्रुबानं डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढंच बघितलं. पोराचा डावा हात मागं ताणला गेला होता. सरळ. खाली. कुणीतरी मनगटाला धरल्यासारखा.

ओढत नव्हतं कुणी. नुसतं धरलं होतं. वर येणाऱ्याला धरावं तसं.

कमान मागं पडली. वळण आलं. वर चांदण्याचा चौकोन दिसायला लागला. आठ-दहा पायऱ्या राहिल्या असतील. आश्रुबाच्या डोळ्यापुढं अंधारी आली. दोघांचं ओझं आता त्याला झेपणार नव्हतं. हे त्याला स्वच्छ कळलं.

त्यानं पोराला दोन्ही हातांनी धरलं. आणि हिसडा मारला.

मागचा हात सुटला.

खालून आवाज आला नाही. काहीच आलं नाही. तेच वाईट होतं, आश्रुबा म्हणाला. ओरडली असती तरी चाललं असतं.

दोघं मुरमावर पडले होते. खाटेच्या पायापाशी. जमीन सपाट होती. मेंढरं एकेक करून खाली बसत होती.

"आबा?" अंगद डोळे चोळत म्हणाला. "काय झालं? इतके घामाघूम कावून झालाव?"

"काई न्हाई," आश्रुबा म्हणाला. "घरात चल. आत झोप."

शेकोटी विझत आली होती, पण काटूक सारायला कुणी हात पुढं केला नाही. सोमनाथनं घड्याळाचा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला होता.

त्या घराला आता कुलूप आहे, तात्या म्हणाले. आश्रुबा आणि चतुराबाई वाडीच्या पलीकडं, माळावर छप्पर घालून राहतात. मेंढरं त्यांच्याकडंच आहेत. आश्रुबाची तब्येत बरी आहे. अंगद महिन्यातून एकदा येतो आणि बापाला काही विचारत नाही. त्या सकाळचं तेवढं सांगायचं राहिलं.

सकाळी अंगद उठला तेव्हा मनगट मोकळं होतं. त्यानं खाट झटकली, वाकळा झटकल्या, वाघूर धुंडाळलं. पट्टा नव्हता. मग त्यानं बापाचा मोबाईल घेतला. पट्टा जोडलेला आहे, असं त्यात दिसत होतं. "तीस-चाळीस फुटाच्या आत असल तरच असं दाखवतं," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा सगळं अंगण पालथं घातलं. मजल्यांच्या ठिकाणी दोन होते. रात्री दोनच्या पुढं चढलेले.

आश्रुबानं तेव्हा त्याला सगळं सांगितलं. अंगदनं ऐकून घेतलं. तेवढ्यात टेम्पो आला. अंगद रस्त्यापर्यंत गेला, ड्रायव्हरला म्हणाला, मेंढरं विकायची नाहीत, आणि टेम्पो परत लावून आला. बापाजवळ येऊन उभा राहिला. चतुराबाईही दारातून बाहेर आली. मोबाईल अंगदच्या हातात होता आणि तिघंही त्याच्याकडंच बघत होती. सात वाजून दहा मिनिटं झाली होती, वारा पडलेला होता, अंगणात दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोनाचे तीन झाले.